पाच घासांचं माहेरपण

“देवानं दिलेलं चांगलं पोट कापून फेकाचं, ही कोणती व दवा?” असं विचारणारे मामा आणि “पोट तसंच ठेवलं असतं तर पुढे साखरेपायी पायाचं बोट कापायची पाळी आली असती,” असं उत्तर देणारी भाची, अशी दोन माणसं या लेखात भांडणार आहेत. दोघंही काल्पनिक आहेत. मामांच्या ज्या लेकीवरून भांडतात तीही काल्पनिकच. मात्र भांडताना ते ज्या नामवंतांचे दाखले देतात आणि वैद्यकातले जे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकतात, ते खरे आहेत.

ठिकाण कोंढा. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं, शेजारच्या कोसऱ्याशी नाव जोडून कोंढा-कोसरा म्हणून ओळखलं जाणारं गाव. दिवस दिवाळीनंतरचे. बांधीत धान पिवळं पडलेलं, झाडीपट्टीत गावोगावच्या मंडईच्या तारखा ठरलेल्या, चौकाचौकात रात्रीच्या नाटकांचे फलक. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, भाची नागपूरच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ. लेक नागपुरातच बँकेत नोकरीला. वय 34, उंची पाच फूट एक इंच, जूनमध्ये वजन 112 किलो. सोबत मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. त्याच महिन्यात तिच्यावर वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळीला ती माहेरी आली ती 88 किलोची होऊन.

मामींनी माहेरवाशिणीचं ताट वाढलं होतं. चिन्नोरचा भात, वरण, पातोडीचा रस्सा, उडदाचे वडे, करंजी, अनारसा. लेकीनं ताट बाजूला ठेवून एक छोटी वाटी मागितली. रश्श्यातली पातोडी काढून तिचे चमच्याच्या काठानं वाटाण्याएवढे तुकडे केले. एक तुकडा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला आणि चावत राहिली. चावून चावून त्याचं पाणी झाल्यावर दुसरा. पाचव्या तुकड्यानंतर वाटी सरकवली. पाण्याचा पेला समोर होता, त्याला हात लावला नाही. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामांना राग.

“माहेरी येऊन लेक पाच घास खाते, अन् तुम्ही म्हणता ऑपरेशन यशस्वी झालं!”

भाचीनं आधी सांगितलं ते ऑपरेशनचं. लेकीची झाली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून बाहेर काढतात आणि उरते ती उभी, अरुंद नळी. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे एक लहान वाटी. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला अगदी छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. याची सुरुवात 1966 साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी केली. अल्सरसाठी जठराचा तुकडा काढलेली माणसं पुढे सडसडीत राहतात, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं.

मामांनी ऐकून घेतलं आणि तलावाची गोष्ट काढली. भंडारा तलावांचा जिल्हा, तेव्हा दाखला तिथूनच येणार. “तलाव अर्धा बुजवला म्हणून येवा कमी होत नसते. पाणी यायचं तेवढं येतेच, मग पाळ फुटते. तिची खायची सवय तशीच असन, तर एक दिवस पाळ फुटणार.”

“इथं येवाच कमी होतो, मामाजी,” भाची म्हणाली. “भूक लावणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मुख्यतः तयार होतं जठराच्या वरच्या भागात, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. म्हणून पहिले काही महिने तिला भूकच लागत नाही. तुम्ही म्हणता ती मन मारून बसली आहे. तसं नाही. तिला खरंच नको असतं.”

लेक तेवढ्यात म्हणाली, “नको असतं हे खरं. पण करंजीचा वास आला की आठवण येते ना ताई. ती कोणत्या संप्रेरकात बसते?” यावर आहारतज्ज्ञांकडे उत्तर नव्हतं.

मग निघाला तो विदर्भात असल्या वादात हमखास निघणारा दाखला. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर 2011 मध्ये, मुंबईत डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी त्यांच्यावर बॅरिआट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याची, शस्त्रक्रिया केली. तोवर हा शब्द नागपूरकडच्या सामान्य माणसाच्या कानावर फारसा आला नव्हता. आपल्या माणसानं केलं म्हटल्यावर लोक विचारू लागले. भाचीचं म्हणणं असं की मोठ्या माणसानं हे न लपवल्याचा फायदा झाला. नाहीतर पोटाचं ऑपरेशन म्हणजे अपेंडिक्सचं, नाहीतर हर्नियाचं, असं सांगून वेळ मारून न्यायची रीत होती आणि अजूनही आहे. लेकीनं स्वतः बँकेत पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली होती.

मामांनी त्याच गडकरींचा दुसरा किस्सा काढला. फेब्रुवारी 2022 मध्ये उज्जैनच्या सभेत गडकरींनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना जाहीर आव्हान दिलं: जेवढे किलो वजन उतरवाल, त्या प्रत्येक किलोमागे विकासकामांना हजार कोटी. आपलंही वजन एकेकाळी 135 किलो होतं आणि आता 93 आहे, हेही त्यांनी तेव्हा सांगितलं. फिरोजियांनी मनावर घेतलं. व्यायाम, सायकल आणि मोजकं जेवण यांच्या जोरावर जूनपर्यंत 15 किलो उतरवून त्यांनी 15 हजार कोटींवर हक्क सांगितला. “पाहा,” मामा म्हणाले, “बिना कापता झालं ना? इच्छा पायजे.”

“हजार कोटी किलोमागे मिळत असतील तर माझीही इच्छा होईल,” लेक म्हणाली.

हसून झाल्यावर भाचीनं मुद्दा सोडला नाही. वजन उतरवणं जमतं, ते तिथं टिकवणं शरीर जमू देत नाही, हे तिचं म्हणणं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम गाजला होता. त्यातल्या चौदा स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. 2016 साली निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर दिवसाला सरासरी पाचशेच्या आसपास उष्मांक कमी जाळत होतं. म्हणजे शेजारच्या तेवढ्याच वजनाच्या माणसापेक्षा रोज एक जेवण कमी खाल्लं तरच ते जागेवर राहणार. लेकीनं दहा वर्षांत काय काय केलं होतं ते भाचीला ठाऊक होतं: जिम, काढे, सात दिवसांचा सूप डाएट, नवरात्रात नऊ दिवस फक्त पाणी. दर वेळी उतरलं त्याहून दोन किलो जास्त परत आलं.

दौलतराम जोगावतांचा उल्लेख इथं व्हायला हवा, कारण लठ्ठपणा म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिली येते ती चेष्टा. फेब्रुवारी 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी शोभा डे यांनी एका अवजड पोलिसाचा फोटो टाकून ‘भारी बंदोबस्ता’वर कोटी केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच. ते होते मध्य प्रदेशातल्या नीमचचे निरीक्षक जोगावत, वजन 180 किलो. आपलं वजन खाण्यानं नव्हे, तर जुन्या आजारपणानंतर वाढलं, असं त्यांनी वैतागून सांगितलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. एका चेष्टेमुळे उपचार मिळाले, असं म्हणून ही गोष्ट गोड करून सांगतात. खरं तर उपचार मिळायला आधी चेष्टेचा फोटो छापून यावा लागला, हा भाग जास्त बोलका आहे.

इथपर्यंत वाद भाचीच्या बाजूनं झुकलेला. पण मामा गुरुजी होते. पुढचा प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारखा स्वच्छ विचारला: “ऑपरेशन एक दिवसाचं. मग पुढचे महिने ती काय खाते, कोण देते, कुठून आणते, ते सांग.”

भाचीनं महिने मांडले. पहिले एक-दोन दिवस घोट घोट पाणी, नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी. मग साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ: ताक, दूध, गाळलेलं सूप, पाण्यात कालवलेली प्रथिनांची भुकटी. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं घट्टसर, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घरात सगळे खातात ते, पण वाटीभर. जेवताना पाणी नाही. जेवणानंतरही अर्धा तास नाही. पाणी मधल्या वेळात, घोट घोट करत, दिवसभरात दीड-दोन लिटर. घाई केली की छातीच्या मधोमध कळ येते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि खाल्लेलं वर येतं. लेकीला ते ऑगस्टमध्ये एकदा झालं होतं. बँकेत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, काउंटरवर रांग, तिनं पोळीचा घास दोनदा चावून गिळला आणि पुढचा पाऊण तास बेसिनपाशी वाकून काढला.

दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं, हा या सगळ्यातला कळीचा आकडा. तेवढी मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, अशक्तपणा येतो, केस गळतात. आणि इथं कोंढ्याच्या स्वयंपाकघराचा प्रश्न उभा राहतो. हा धानाचा मुलुख. सकाळी भात, संध्याकाळी भात, उरला तर फोडणीचा भात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. शिवाय भात त्या नळीत जाऊन बसतो. दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं आणि कामाचं काही पोटात गेलेलं नसतं.

मामींनी यावर जे सांगितलं ते आहारशास्त्राच्या पुस्तकातही इतकं थेट सापडत नाही. “चिकन अडते तिले. पोळी अडते. अन् अनारसा मातर सुर्रकन उतरते.”

बरोबर आहे. शस्त्रक्रियेनंतर धड अन्न कष्टानं जातं आणि वाईट अन्न विनासायास. करंजीचं सारण, आइस्क्रीम, शेव, बिस्किटं, चहा सगळं विरघळत निसटतं, नळीत थांबत नाही, पोट भरल्याची जाणीवही देत नाही. बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर कधी कधी घाम, धडधड, जुलाब होतात आणि शरीर स्वतःच शिक्षा करतं. स्लीव्हमध्ये तो धाक कमी. म्हणून दोन वर्षांनी वजन परत चढलेल्या रुग्णांची डायरी पाहिली तर तिच्यात पंगती नसतात; दिवसभर थोडं थोडं चरणं असतं. मामांच्या पाळ फुटण्याच्या शंकेत तथ्य होतं, फक्त पाणी त्यांना वाटलं त्या बाजूनं येत नव्हतं.

“म्हणूनच तर तिला तक्ता दिलाय,” भाची म्हणाली.

मामांनी तो छापील तक्ता चष्मा लावून मोठ्यानं वाचला. ओट्स. ब्रोकोलीचं सूप. टोफू. ग्रीक योगर्ट. एवोकाडो. वाचून झाल्यावर त्यांनी तो घडी घालून भाचीच्या हातात दिला. “हे कोंढ्याच्या कोणत्या दुकानात भेटते, ते लिहून दे मागून.”

भाची गप्प झाली. तक्ता तिच्या रुग्णालयाचा होता, नागपूरच्या धरमपेठेत कदाचित चाललाही असता. तिनं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मामींना विचारत विचारत नवा लिहायला घेतला. घट्ट वरण, भाताआधी. उकडलेलं अंडं, एकात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. मुगाचं धिरडं. घरच्या दुधाचं दही आणि पनीर. वैनगंगेची मासोळी, काटे काढून, रश्श्यात शिजलेली. ती मऊ असते, चिकनसारखी अडत नाही. सुकवलेले झिंगे भाजून, कुटून, चिमूट चिमूट वरणात. फुटाणे, पण नीट चावायचे. पातोडी चालेल, ती बेसनाचीच. मात्र रश्श्यात भिवापुरी मिरची निम्म्यावर. मामींनी लाखोरीच्या डाळीचं नाव घेतलं. धान निघायच्या आधीच बांधीत शिंपडतात ती लाखोरी इथल्या घराघरात असते आणि तिच्यात प्रथिनंही भरपूर. पण तेच मुख्य अन्न झालं तर पाय लुळे पडतात, हा जुना इतिहास आहे. भाचीनं ती यादीत घेतली नाही. मुगाची डाळ आहे ना घरात, म्हणाली.

मामांना सांगायचं होतं ते एवढंच नव्हतं. त्यांच्या रागाच्या तळाशी दुसरंच काही होतं, आणि ते सर्वेक्षणाच्या आकड्यांतही दिसतं. 2019 ते 21 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 18.7 टक्के स्त्रियांचं वजन असायला हवं त्यापेक्षा कमी निघालं आणि 24 टक्के स्त्रियांचं जास्त. “पऱ्हे लावणाऱ्या बाया पाह्यल्या ना तू? हाडं मोजून घे. त्याच गावातली माझी लेक पोट लहान करायला तीन लाख देते. मले कोणाले सांगायची लाज वाटते.”

“लाज वाटू नये,” भाची म्हणाली. “दोन्ही आजारच आहेत. एकीला औषध अन्नाचं, दुसरीला ऑपरेशनचं.”

“अन्नाचं औषध कोणी तीन लाखांचं देत नाही.”

हे बिनतोड होतं. भाचीनं विम्याचं सांगितलं. विमा नियामकाच्या प्रमाण नियमांनुसार वय 18 च्या पुढे, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 वा त्याहून जास्त असून हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्याबाहेरचा मधुमेह यांपैकी काही असेल, तर हा खर्च वगळता येत नाही. लेकीचा बीएमआय साडेशेहेचाळीस होता, तिला बँकेच्या विम्यातून मिळाले. पण विमा असणारी माणसं कोंढ्यात किती, हे मामांनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

आणि मग इमान अहमद. इजिप्तची ही महिला फेब्रुवारी 2017 मध्ये मालवाहू विमानानं मुंबईत आणली गेली. वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचं सांगितलं जात होतं. तिला दवाखान्यात न्यायला क्रेन लागली, ती दृश्यं महाराष्ट्रात घराघरांत टीव्हीवर पाहिली गेली. 7 मार्चला सैफी रुग्णालयात तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, वजन झपाट्यानं उतरलं, मे महिन्यात ती अबुधाबीला गेली आणि 25 सप्टेंबरला तिथंच वारली. मामांना तेवढंच आठवत होतं: ऑपरेशन झालं आणि बाई गेली. मृत्यूचं कारण तिथल्या डॉक्टरांनी हृदय आणि मूत्रपिंडांचे विकार असं दिलं होतं. ती अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिला आधी पक्षाघात झाला होता. तिच्यावरून बँकेत चालत जाणाऱ्या 34 वर्षांच्या लेकीबद्दल काही सिद्ध होत नाही. पण गावात भीती पसरते ती टीव्हीवर पाहिलेल्यातून, आणि तिच्यापुढे टक्केवारी लंगडी पडते, हे भाचीनं मान्य केलं.

टक्केवारीतही दोघांनी आपापलं उचललं. स्वीडनमध्ये 1987 पासून सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेली दोन हजारांवर माणसं आणि तशीच न झालेली दोन हजारांवर माणसं वर्षानुवर्षं तपासली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. ज्यांना मधुमेह होता त्यांतल्या 72 टक्क्यांचा दोन वर्षांनी गेलेला होता. दहा वर्षांनी हा आकडा 36 टक्के. भाचीला 72 दिसले, मामांना 36. लेकीची साखर जुलैपासून गोळीशिवाय ताब्यात आहे, आणि ती दहा वर्षांनंतरचं विचारत नाही. आज सुईचं टोचणं बंद झालं, रात्री नाकाला मशीन लावावं लागत नाही, एसटीत एका सीटवर बसता येतं, हे तिचे हिशेब.

सुईवरून मामांना इंजेक्शनची आठवण झाली. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं, पेपरात जाहिरातीसारख्या बातम्या आल्या होत्या. आठवड्यातून एकदा टोचायचं, मग कापाकापी कशाला? भाची म्हणाली, औषध चांगलं आहे. सर्वांत मोठ्या मात्रेवर दीड वर्षाच्या आतबाहेर सरासरी वीस टक्के वजन उतरतं. पण थांबवलं की परत चढतं, आणि महिन्याचा खर्च थांबत नाही. ज्यांना पंधरा-वीस किलो उतरवायचे त्यांना ती आधी तेच सुचवेल. लेकीला पन्नासेक उतरवायचे होते.

गोळ्या लेकीच्याही संपलेल्या नाहीत. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, बहुतेक जन्मभर. त्यातही लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. भंडाऱ्याकडच्या घरात चहा नसलेले सलग दोन तास शोधणं सोपं नाही. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी. वजन वेगानं उतरलं की खडे धरतात, आणि बँकेत सांगितलेलं खोटं खरं व्हायला वेळ लागत नाही. सतत उलट्या होत राहिल्या तर थायमिन घटून मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा दोन दिवसही थांबायचं नाही. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून मागून आणलेली ब्रुफेन-डायक्लोफेनॅक तर अजिबात नाही, अल्सरचा धोका असतो. ही शेवटची सूचना भाचीनं मामींना दोनदा सांगितली, कारण त्यांच्या पदराच्या गाठीत ती गोळी कायम असते.

केसांची गोष्ट लेकीनंच काढली. तिसऱ्या महिन्यापासून कंगव्यात पुंजके येऊ लागले होते. भाची म्हणाली, हे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणींचं होतं, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात. मामी म्हणाल्या, तेल लावून देते. दोन्ही उपाय चालू आहेत.

गावाचं म्हणणं वेगळंच. “बिमार आहे का व?”, “साखरेनं खाल्ली का?”, “सासरी जेवाले देत नाही का?” जूनपर्यंत जाड म्हणून हसणारी तोंडं आता बारीक झाली म्हणून हळहळतात. चेहरा उतरलेला, गळ्याची आणि दंडाची कातडी लोंबते, वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसतं. कातडी सगळी आवळत नाही. हवी तर तिचं वेगळं ऑपरेशन, आणि त्याला विमा सहसा नाही. ऑपरेशनआधीच्या माहितीपत्रकात हे असतं, पण छोट्या अक्षरात, आणि पानभर फोटो मात्र सैल झालेल्या पँटीचा.

हळदीकुंकवाला गेली की आग्रह सुरू होतो. इथं आग्रहाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. एका घरी तिनं लाडूचा तुकडा घेऊन रुमालात बांधला, दुसऱ्या घरी वाटीत पाणी ओतल्याचं नाटक केलं, तिसऱ्या घरी सरळ सांगितलं. तिसऱ्या घरच्या म्हातारीनं तिला जवळ बसवून विचारलं, “दुखते का गं आतून?” आणि मग नुसतं ताक दिलं. लेकीच्या मते आतापर्यंतच्या सगळ्या समुपदेशनात हे वरचढ होतं.

पाळणा कधी हलणार, हा प्रश्न निघाला तेव्हा मामा गुरं पाहायला उठून गेले. भाचीनं मामींना सांगितलं की ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. शरीर झिजत असताना बाळाला पुरवायला त्याच्याकडे काही नसतं. आणि वजन उतरलं की पाळी सुरळीत होऊन दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते, म्हणून काळजी जास्त घ्यायची. सासरी हे कुणी सांगायचं, यावर बराच वेळ चर्चा झाली. मामींनी ते काम अंगावर घेतलं.

मामा परतले ते नवा प्रश्न घेऊन. सहा महिने डिसेंबरात भरतात, तेव्हा रक्त तपासायचं असेल तर पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूरलाच जायचं का? ती तर नागपुरातच राहते, असं भाचीनं आठवण करून दिल्यावर ते म्हणाले, “माझ्या लेकीचं नाही विचारत. पलीकडच्या आळीतल्या एकाचं झालं आहे मागच्या साली. तो तपासणीले गेलाच नाही. अन् आता मोहाची थोडी घेतली तरी झिंगते म्हणतात.”

भाचीनं पेन खाली ठेवलं. ऑपरेशननंतर दारू फार लवकर रक्तात चढते आणि काहींना तिचं व्यसनच लागतं, हे तिनं सांगितलं. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन या तपासण्या भंडाऱ्यात होतात, अहवाल मोबाइलवर पाठवला तरी चालेल, त्याला उद्याच बोलवा. मामा म्हणाले, उद्या मंडई आहे, उद्या कोणी दवाखान्याचं बोलत नाही. परवा बोलवतो.

मंडई म्हणजे रात्रीचं नाटक, वडसाकडची मंडळी, पहाटेपर्यंतचा खेळ. लेकीला जायचंच होतं. तिच्या थैलीत काय असावं यावर पुन्हा यादी झाली: फुटाण्याची पुडी, उकडलेली दोन अंडी, पाण्याची बाटली, आणि दर घासाला घाई न करण्याची बोली.

“अन् भजे?” मामांनी विचारलं. “नाटकात भजे नाही खाल्ले तं नाटक कायचं?”

“एक खाऊ दे,” भाची म्हणाली. “चावून.”

“एक भजा कोणी विकते का व?”